वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज : रकान्यांमागील इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरणे हे बहुतेक घरांत परीक्षेइतकेच धास्तीचे काम असते. जन्मतारीख, प्रश्नपत्रिकेची भाषा, रहिवासाचे राज्य, प्रवर्ग, परीक्षा केंद्र असे रकाने एकामागून एक येतात आणि एका चुकीच्या नोंदीने वर्ष वाया जाण्याची भीती असते. हे रकाने कार्यालयीन सोयीसाठी आखले गेले असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांतील जवळजवळ प्रत्येक रकान्यामागे एखादा शासकीय आदेश, एखादा खटला किंवा एखाद्या समाजाची दीर्घकाळची मागणी आहे. अर्ज कोणाला मिळावा आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नाला भारतात १८३५ पासून वेगवेगळी उत्तरे दिली गेली. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा मागोवा घेतला असून गोवा, बेळगाव-विजापूरचा सीमाभाग, इंदूर आणि हैदराबाद येथील मराठी भाषिक व मुस्लिम विद्यार्थ्यांशी त्यांचा जेथे थेट संबंध येतो, त्या ठिकाणांकडे विशेष लक्ष दिले आहे.

पहिली निवड : वय आणि भाषा

ब्रिटिश अमदानीतील वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात देशी भाषांतून झाली होती. कलकत्त्यात १८२२ मध्ये स्थापन झालेल्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये हिंदुस्तानीतून शिक्षण दिले जाई. त्याच दशकात कलकत्ता मदरशात अरबी-युनानी ग्रंथांच्या आधारे आणि संस्कृत कॉलेजात आयुर्वेदाच्या आधारे वैद्यकाचे वर्ग चालत. लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या सरकारने २८ जानेवारी १८३५ च्या आदेशाने हे तिन्ही बंद केले आणि त्यांच्या जागी कलकत्ता मेडिकल कॉलेज स्थापन केले.

या आदेशात प्रवेशाच्या अटी स्पष्ट दिल्या होत्या. उमेदवाराचे वय १४ ते २० वर्षे असावे, त्याच्या वर्तणुकीचा दाखला असावा आणि त्याला इंग्रजी व बंगाली किंवा इंग्रजी व हिंदुस्तानी लिहिता-वाचता यावे. जात किंवा धर्म यांची अट नव्हती. सुमारे शंभर उमेदवारांची प्राथमिक परीक्षा घेण्यात आली आणि त्यांतून ४९ जणांची निवड झाली. आधुनिक भारतातील वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा आरंभ म्हणून या निवडीकडे पाहता येते.

धर्माची अट नसली तरी इंग्रजीची अट होती, आणि तिचा परिणाम सर्व समाजांवर सारखा झाला नाही. मदरशातील वैद्यकाचा वर्ग बंद झाल्याने अरबी-फारसीच्या मार्गाने या विद्येकडे येणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्यासाठी ती वाट संपली. पुढे १८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजला हिंदुस्तानी वर्ग जोडण्यात आला, परंतु त्यातून दुय्यम दर्जाचे वैद्यकीय कर्मचारी तयार करण्याचा उद्देश होता. उच्च पदवी इंग्रजीतून आणि दुय्यम शिक्षण देशी भाषेतून, ही विभागणी येथून रुजली.

मुंबई आणि हैदराबाद : माध्यमाचे दोन मार्ग

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच्या १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत मूळचे गोव्याचे भाऊ दाजी लाड होते. गोव्यात स्वतःचे वैद्यकीय विद्यालय पोर्तुगीज अमदानीत १८४२ पासून होते; गोव्याच्या मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्याचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले. हे वर्गही हॉस्पिटल असिस्टंटसारख्या खालच्या पदांसाठी होते. पदवीचा मार्ग मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमधून, म्हणजे इंग्रजीतूनच जात राहिला.

हैदराबादचा अनुभव याहून निराळा आहे. तेथे १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा स्थापन झाली आणि सुरुवातीचे अध्यापन उर्दूतून झाले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने पदवीचे शिक्षणच उर्दूतून देण्याचे धोरण ठेवले आणि त्याच्या अनुवाद विभागाने इतर विषयांबरोबर वैद्यकाची पाठ्यपुस्तकेही उर्दूत आणली. दुय्यम अभ्यासक्रमापुरती राखलेली देशी भाषा येथे प्रथमच वैद्यकीय पदवीपर्यंत पोहोचली. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात असल्याने औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठीही वैद्यकाकडे जाण्याची जवळची वाट उर्दूतून होती, आणि मातृभाषा मराठी असलेल्यांना तिचाही वेगळा भार होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. उर्दू माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेत वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देशपातळीवर देता येण्यासाठी यानंतर सत्तर वर्षे जावी लागली.

चौदा जागांचे कोष्टक

स्वातंत्र्याच्या सुमारास प्रवेश प्रामुख्याने इंटर सायन्सच्या गुणांवर आणि मुलाखतीवर होत. मद्रास प्रांतात मात्र गुणांबरोबर समाजही पाहिला जाई. तेथील सांप्रदायिक आदेशानुसार दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना आणि एक मुसलमानांना दिली जाई. चंपकम दोराईराजन यांनी या आदेशास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी हा आदेश घटनेच्या कलम २९(२) शी विसंगत ठरवून रद्द केला.

त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) जोडले गेले. त्यान्वये सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष तरतूद करता येऊ लागली. मुस्लिम विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. चौदापैकी एक जागा धर्माच्या नावाने मिळत होती, ती गेली. यापुढे जागा मागायची तर मागासलेपण सिद्ध करून मागावी लागणार होती. अर्जातील 'समाज' या रकान्याची जागा 'प्रवर्ग' या रकान्याने घेतली ती येथे.

प्रवर्गालाही मर्यादा पडली. म्हैसूर राज्याने ३१ जुलै १९६२ च्या आदेशाने वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. एम. आर. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला आणि आरक्षण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे, असे म्हटले. त्यानंतर मुस्लिम समाजातील घटकांचे आरक्षण राज्याराज्यांत वेगवेगळ्या वाटांनी गेले. कर्नाटकात मुस्लिमांसाठी मागासवर्गांतर्गत २ब हा ४ टक्क्यांचा प्रवर्ग १९९० च्या दशकात आला. मार्च २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर निर्णयाची अंमलबजावणी थांबली. आंध्र प्रदेशात २००७ च्या कायद्याने मुस्लिमांतील ठराविक मागास गटांना ४ टक्के जागा दिल्या. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो कायदा रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१० च्या अंतरिम आदेशाने सवलत चालू राहिली. महाराष्ट्रात जुलै २०१४ मध्ये ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये शिक्षणापुरती ही सवलत चालू ठेवली होती, तरीही विधिमंडळात कायदा न झाल्याने अध्यादेशाची मुदत संपली. मोमीन, पिंजारी, बागवान यांसारख्या समाजांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीतून मिळणारी सवलत यापेक्षा वेगळी आहे. ती जातीच्या दाखल्यावर अवलंबून असते.

इंदूरचा खटला आणि रहिवासाचा रकाना

इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेतली जाई. राज्यातील खऱ्या रहिवाशांना ती माफ होती. इतरांसाठी ती नियुक्त उमेदवारांना १,३०० आणि बाकीच्यांना १,५०० रुपये अशी होती. दिल्लीचे रहिवासी असलेल्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५५ मध्ये बहुमताने राज्याची बाजू मान्य केली. घटनेत जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, पण रहिवास आणि जन्मस्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या निकालाचा आधार होता. आज विद्यार्थी अर्जाला जोडतो त्या अधिवास दाखल्याची घटनात्मक पायाभरणी या इंदुरी खटल्यात झाली.

राज्याच्या आतही विभागणी होत गेली. मद्रासने जिल्हावार जागा वाटल्या; पी. राजेंद्रन खटल्यात १९६८ मध्ये ते वाटप रद्द झाले. आंध्र प्रदेशात सहा कलमी सूत्रानंतर घटनेत ३७१-डी हे कलम आले आणि १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने प्रत्येक विभागातील ८५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी राखल्या गेल्या. हैदराबादमधील विद्यार्थ्यासाठी 'स्थानिक' हा शब्द तेव्हापासून निर्णायक ठरला. महाराष्ट्रात विद्यापीठाच्या क्षेत्रापुरते प्रवेश सीमित करणारी पद्धत १९८६ मध्ये न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी ७०:३० हे सूत्र रूढ झाले. २०२० मध्ये राज्य सरकारने ते रद्द केले.

अखिल भारतीय परीक्षा

रहिवासाच्या या भिंतींना छेद देणारा निकाल २२ जून १९८४ रोजी आला. प्रदीप जैन खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने एम.बी.बी.एस.च्या किमान ३० टक्के जागा रहिवासाच्या अटीविना खुल्या ठेवण्यास सांगितले. दिनेशकुमार खटल्यातील पुढील आदेशांत पदवीपूर्व जागांचे हे प्रमाण १५ टक्क्यांवर आणण्यात आले आणि त्यासाठी अखिल भारतीय परीक्षा घेण्याचे ठरले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९८८ पासून ही परीक्षा सुरू केली. आंध्र प्रदेश आणि जम्मू-काश्मीर त्यांच्या विशेष घटनात्मक स्थितीमुळे या योजनेबाहेर राहिले. परिणामी हैदराबादच्या विद्यार्थ्यासमोर आपल्या राज्याची एम्सेट हाच मुख्य मार्ग उरला.

यानंतरची दोन दशके हा अनेक अर्जांचा काळ होता. एकाच विद्यार्थ्याला राज्याची सामायिक परीक्षा, अखिल भारतीय परीक्षा, दिल्लीची एम्स, पुद्दुचेरीची जिपमर, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि सेवाग्राम यांचे स्वतंत्र अर्ज भरावे लागत. सेवाग्रामच्या परीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. प्रत्येक अर्जाबरोबर वेगळा धनाकर्ष, वेगळी साक्षांकित प्रत आणि वेगळ्या शहराचा प्रवास आला. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत निवडीची पहिली चाळणी अर्ज भरतानाच लागत असे. सच्चर समितीच्या नोव्हेंबर २००६ च्या अहवालात देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीपूर्व वर्गातील दर २५ विद्यार्थ्यांमागे एकच मुस्लिम असल्याचे नमूद आहे. या प्रमाणाची कारणे अनेक आहेत, परंतु माहिती व अर्जाचा खर्च यांना त्यांतून वगळता येत नाही.

राज्यपातळीवरील परीक्षांची विश्वासार्हताही या काळात कसोटीला लागली. मध्य प्रदेशात व्यावसायिक परीक्षा मंडळाने घेतलेल्या वैद्यकीय परीक्षांतील तोतयेगिरीचे प्रकरण २०१३ मध्ये इंदुरात उघडकीस आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. छायाचित्र, स्वाक्षरी आणि बोटांचे ठसे यांची अर्जातील सक्ती कशासाठी, हे अशा घटनांवरून समजते.

शुल्क, खासगी जागा आणि अल्पसंख्याक संस्था

१९८० च्या दशकात दक्षिणेत खासगी वैद्यकीय महाविद्यालये वाढली. मुस्लिम समाजाच्या दृष्टीने १९८४ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी विजापुरात अल-अमीन वैद्यकीय महाविद्यालय आणि हैदराबादमध्ये डेक्कन कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस सुरू झाले. आंध्रने १९८३ मध्ये आणि कर्नाटकाने १९८४ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घालणारे कायदेही केले. कर्नाटकातील शुल्करचना मात्र तीन स्तरांची राहिली : सरकारी जागेस वार्षिक २,००० रुपये, राज्यातील इतरांना २५,०००, आणि बाहेरच्यांना ६०,०००. मोहिनी जैन खटल्यात जुलै १९९२ मध्ये ही रचना अवैध ठरली. फेब्रुवारी १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या सशुल्क, अशी योजना दिली.

अल्पसंख्याक संस्थांचा अधिकार किती, हा प्रश्न पुढे तीन टप्प्यांत सुटत गेला. टी. एम. ए. पै निकालाने (३१ ऑक्टोबर २००२) उन्नीकृष्णनची योजना रद्द केली. इस्लामिक ॲकॅडमी निकालाने (ऑगस्ट २००३) प्रवेश व शुल्क यांवर देखरेख समित्या नेमल्या. पुण्यातील शैक्षणिक कार्यकर्ते पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १२ ऑगस्ट २००५ च्या निकालात विनाअनुदानित संस्थांवर शासन आपला कोटा लादू शकत नाही, असे सात न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले. त्याच निकालाने प्रवेश मात्र सामायिक परीक्षेतून व पारदर्शक पद्धतीने व्हावेत, असेही सांगितले. संस्थेचा अधिकार आणि विद्यार्थ्याची गुणवत्ता यांत निकालाने साधलेला हा तोल मुस्लिम शिक्षणसंस्थांना दोन्ही बाजूंनी लागू होता : त्यांना आपल्या समाजातील विद्यार्थी निवडता येत होते, पण त्या विद्यार्थ्यांत गुणानुक्रम डावलता येत नव्हता.

नीट : एक अर्ज, अनेक अटी

भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २०१० मध्ये नियम करून देशभर एकच परीक्षा आणली. पहिली नीट ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ती रद्द केली, आणि ११ एप्रिल २०१६ रोजी तो निर्णय मागे घेतला. लगेच १ मे २०१६ रोजी पहिला टप्पा घेण्यात आला. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाची तयारी केलेल्या विद्यार्थ्यांची यात मोठी अडचण झाली. २४ मे २०१६ च्या अध्यादेशाने राज्यांच्या जागांना एका वर्षाची सूट मिळाल्याने महाराष्ट्राची सीईटी त्या वर्षापुरती वाचली. २९ एप्रिल २०२० च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक असल्याचे स्पष्ट झाले.

भाषेचा प्रश्न येथे पुन्हा पुढे आला. २०१७ ची नीट मराठीसह दहा भाषांत झाली. त्यांत उर्दू नव्हती. स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये पुढील वर्षापासून उर्दूचा समावेश करण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये उर्दू प्रश्नपत्रिका आली. पोशाखाचा वादही याच सुमाराचा आहे. प्रश्नपत्रिका फुटल्याने २०१५ ची अखिल भारतीय परीक्षा रद्द होऊन २५ जुलैला पुन्हा झाली, तेव्हा कडक पोशाखनियम लावले गेले. केरळ उच्च न्यायालयाने दोन विद्यार्थिनींना, आधी तपासणी करून घेण्याच्या अटीवर, हिजाबसह बसू दिले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सर्वसाधारण आदेश देण्यास नकार दिला. पुढे पारंपरिक पोशाख करणाऱ्या उमेदवारांनी केंद्रावर लवकर हजर राहावे, अशी तरतूद परीक्षेच्या नियमांतच आली.

सीमाभागातील विद्यार्थ्यासाठी या सर्व रकान्यांची गाठ एकत्र पडते. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या माहितीपुस्तिकांत मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांपुरती ठेवली गेली, तर उर्दू देशातील केंद्रांवर उपलब्ध झाली. त्यामुळे बेळगावच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला आपल्या भाषेत परीक्षा द्यायची तर केंद्र कोल्हापूरसारख्या महाराष्ट्रातील शहरात मागावे लागते. दुसरीकडे महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या उमेदवारांसाठी काही जागा आहेत, पण त्यांना मातृभाषा मराठी असण्याची अट आहे. घरात दखनी, शाळेत मराठी आणि व्यवहारात कन्नड वापरणाऱ्या मुस्लिम कुटुंबातील मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात मातृभाषा म्हणून काय लिहिले आहे, यावर त्याचा या जागेवरील दावा ठरू शकतो. ही नोंद बहुधा पहिलीत नाव घालताना, फारसा विचार न करता झालेली असते.

समारोप

२०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक उमेदवार बसले. त्या परीक्षेतील पेपरफुटीचे प्रकरण न्यायालयात गेले. १,५६३ उमेदवारांचे वाढीव गुण काढून घेऊन त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय देण्यात आला, आणि संपूर्ण परीक्षा पुन्हा घेण्याची मागणी २३ जुलै २०२४ रोजी फेटाळली गेली. १८३५ मधील शंभर उमेदवारांपासून येथवरचा प्रवास पाहता दोन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, अर्जांची संख्या घटून एक झाली, तरी त्या एका अर्जामागील दाखल्यांची संख्या घटलेली नाही. राज्याच्या यादीतील प्रवर्ग केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, आणि एकच विद्यार्थी नीटच्या अर्जात एका प्रवर्गात व राज्याच्या प्रवेशफेरीत दुसऱ्या प्रवर्गात मोडू शकतो. दुसरी अशी की, भाषा, रहिवास आणि समाज या तिन्ही बाबतींत आज मिळणारी सवलत कोणीतरी दाद मागितल्यामुळे मिळाली आहे किंवा टिकली आहे.

यातून शिक्षणसंस्थांसाठी निघणारे काम साधे, पण वेळेवर करण्याचे आहे. मातृभाषा, जात आणि जन्मस्थान यांच्या नोंदी प्राथमिक शाळेतच तपासल्या जाव्यात. दुरुस्ती लागल्यास ती शाळा सोडण्यापूर्वी व्हावी. जातीचा दाखला, जातवैधता आणि उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र यांची प्रक्रिया अकरावीत सुरू व्हावी. परीक्षा केंद्र व प्रश्नपत्रिकेची भाषा निवडताना विद्यार्थ्याजवळ जाणकार शिक्षक बसलेला असावा. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवलेला रकाना शाळेच्या रजिस्टरातील एका निष्काळजी नोंदीमुळे हातचा जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक शाळेच्या कार्यालयाला घेता येण्यासारखी आहे.